लिंबाखालची रेघ

सोलापूर,
पितृपंधरवडा

प्रिय हिंदुराव,

वैराग गावात उरलेल्या माझ्या एकुलत्या एक बाकसोबत्याला शरदची कडकडून मिठी. गुडघे काय म्हणतात? मथुरावहिनींचा खोकला थांबला का? (की कवितेच्या तासाला तू मुद्दाम खोकायचास, त्यातलाच तो?) मी बरा आहे, फक्त तोंड दाखवायला जागा उरलेली नाही.

आमच्या घरामागची विणकरांची गल्ली तुला आठवत असेल. माग थांबले, पण घरोघरी बोली तेलुगूच. तीनशे घरं एका मनानं मत देतात, म्हणून पालिकेत त्यांचा एक माणूस असतो. आणि तो भांडतो म्हणून तिथली तेलुगू शाळा अजून उघडी आहे. यंदाच्या प्रभागरचनेत गल्लीचे तीन तुकडे झाले. तीन मोठ्या ताटांत चिमूट चिमूट लोणचं. चवीपुरतं, कुणी विचारणार नाही असं. नागम्मा (विड्या वळून चार लेकरं त्याच शाळेत शिकवलेली) माझ्याकडे आली. "मास्तर, गल्ली एक, नळ एक, मयताला खांदा देणारी माणसं एक. मत तेवढं तीन कसं ओ?" हरकत लिहायला त्यांना चांगलं मराठी लिहिणारा हवा होता. मी फुललो.

पाच पानं झाली. (पहिली दोन नुसती गल्लीच्या सकाळीवर. तुला माझी खोड ठाऊक आहे.) सुनावणीत माणशी दोन मिनिटं. मी थेट शेवटचं पान काढलं आणि वर्गात कविता चालीवर म्हणायचो तसं वाचलं, की ज्या निष्ठुर हातानं ही रेघ ओढली, त्यानं या गल्लीतलं घोटभर पाणीही कधी घेतलं नसेल! मागे बसलेल्या गल्लीनं टाळ्या वाजवल्या. साहेब भला माणूस. म्हणाला, "सर, जनगणनेचे गट जोडून आम्ही प्रभाग करतो. गट फोडता येत नाही. गटांच्या रेघा जुन्याच आहेत." आणि त्यानं एक जुना हातानं काढलेला नकाशा पुढं सरकवला.

हिंदुराव, खाली सही माझी होती.

लिंबाच्या झाडाला मी पानंसुद्धा काढली होती रे. पंधरा वर्षांपूर्वी, भर वैशाखात, जनगणनेसाठी ही गल्ली तीन मास्तरांत वाटून देणारा मीच. लिंबाची सावली संपली तिथं एक रेघ. नागम्मानं ताक दिलं तिथं, तिच्या उंबऱ्याशी, दुसरी. (ताक गार होतं. पुढं चालवेना.) वाटलं, मोजणी झाली की पुसल्या जातील, फळ्यावरच्यासारख्या. "आणखी काही बोलायचंय, सर?" साहेबानं विचारलं. माझं एक मिनिट शिल्लक होतं. मी पाचही पानांची घडी घालून खिशात ठेवली.

बाहेर नागम्मा म्हणाली, "लई भारी बोललात, मास्तर. साहेब गप्पच झाला की तुमच्यापुढं! तो कागद कसला होता?"

"जुना नकाशा," मी म्हणालो, आणि चपला शोधू लागलो. त्या पायातच होत्या.

तुझाच,
शरच्चंद्र

ता. क. पत्र लिहायचं खरं कारण हे. तुझी अंकिता इथल्याच शाळेवर शिक्षिका आहे. येत्या जनगणनेत मोजणीला तिला आमचा भाग मिळेल म्हणतात. तिला सांग, लिंबाशी थांबू नकोस पोरी. कुणी ताक दिलं तर पी, पण पिऊन गल्लीच्या टोकापर्यंत जा.

आणखी ता. क. नागम्मा दारात आली आहे. हरकत लिहिल्याबद्दल काहीतरी आणलंय म्हणते. हातात ताकाचा तांब्या आहे.