कापलेली रांग

बर्लिन, जून १९३२

प्रिय आई,

मी बरी आहे. तुझा खोकला कसा आहे? हे पत्र टपालाने न पाठवता एल्झामावशीच्या हाती देते आहे.

माझा ब्रूनो वारल्यावर काल प्रथमच सिनेमाला गेले. हिवाळ्यात बेकारांच्या रांगेचं चित्रण झालं, तेव्हा तो त्यात उभा होता. शेजारी आपला रूडी, मूठ उगारून. ब्रूनोला एकदा चालताना पाहायचं होतं. पण रांग आलीच नाही.

यंत्रवाल्याला विचारलं. म्हणाला, "सेन्सॉरने कापली, बाई. आता साहेबलोक एकेक तोंड निरखत बसले असतील!" तो हसला. मला हसू आलं नाही.

रूडी तुझ्याकडे आहे हे शेजारणीलाही कळू देऊ नकोस. त्याचे सदरे अंगणात वाळत घालू नकोस.

तुझी,
हेडविग