तोरोआवरची दांडी

प्रिय नायरी,

'प्रिय' लिहिताना पेन अडलं, खोटं कशाला बोलू! कीथच्या पहिल्या बायकोने दुसरीला आणखी काय लिहायचं असतं? पण काल ओपुआच्या होड्यांच्या यार्डात तू माझ्यासाठी चीजचे स्कोन घेऊन आलीस आणि मी दोन खाल्लेसुद्धा. तेव्हा राहू दे 'प्रिय'च.

तू आमची होडी, तोरोआ, विकायला काढलीस हे कळलं तेव्हाच मी ठरवलं होतं, ती मी घेणार. कीथ तुझ्याकडे गेला आणि गेल्या हिवाळ्यात तर जगातूनच गेला. निदान होडी तरी मला परत हवी. कौरी लाकडाच्या पातळ फळ्या इपॉक्सीच्या गोंदाने एकावर एक चिकटवत ती आम्ही दोघांनी बांधली, तेव्हा तू कुठे होतीस गं? काल मी हातोडीने टकटक करत फिरत होते ती तपासणी होतीच, पण खरं सांगू, मी तुझी चूक शोधत होते. आतून लाकूड कुजलं की आवाज बद्द येतो. तुझ्या हातचं काहीतरी बद्द वाजावं, एवढीच इच्छा होती.

तू लावलेले कपांचे हूक, पडद्याची सळई, तो भलताच हिरवा दिवा, सगळ्यांचे स्क्रू काढून पाहिले. मेलं एकही भोक चुकलेलं नाही! आधी मोठं पाडलेलं, इपॉक्सीने भरलेलं, वाळल्यावर त्यातच पुन्हा बारीक पाडलेलं. पाण्याला लाकडापर्यंत वाटच नाही. मला वाटायचं, हे त्याने फक्त मला शिकवलं. त्यात भर म्हणून तू शिडीखालून ओरडलीस, "लाकूड उघडं सोडायचं नाही, ग्लेनिस! एक रात्र थांबायचा कंटाळा करायचा नाही!" अगदी त्याच्याच सुरात. अंगाचा तिळपापड झाला माझा. हे वाक्यसुद्धा दिलं त्याने तुला?

मग आत उतरायच्या पायऱ्यांवरची ती हाताला धरायची दांडी. तिच्याशेजारी हातोडी बद्द वाजली आणि मला केवढा आनंद झाला! दांडी उचकटली. चारही स्क्रू थेट लाकडात, भोकं भरलेली नाहीत, आजूबाजूचं लाकूड चहात बुडवलेल्या बिस्किटासारखं. मी तोऱ्यात विचारलं, "हे तुझंच काम ना?"

"छे गं, कीथचं," तू म्हणालीस. "मी पायऱ्यांवरून घसरले ना, त्याच संध्याकाळी बसवली. म्हटलं, उद्या कर, तर ऐकेना. इतका घाबरला होता तो."

मी वाकून ते कुजलेलं लाकूड नखाने खरवडत राहिले. तुला वाटलं, मी लाकडाचा विचार करतेय.

नायरी, त्याच पायऱ्यांवरून मीही पडले होते. मनगट मोडलं होतं. दांडी बसव म्हणून मागे लागले, तर साहेब म्हणाले, "घाईत लाकूड खराब होईल. उन्हाळ्यात नीट बसवू." तो उन्हाळा आलाच नाही. माझ्यासाठी त्याच्या हातून कधी एक चूकही झाली नाही बघ. आणि तुझ्यासाठी त्याला एक रात्र धीर धरवला नाही.

तेव्हा होडी मला नको. जळते मी तुझ्यावर, अजून जळते. कुजलंय ते हातभरच, तेवढं कापून नवं लाकूड बसेल. मग ठेव नाहीतर वीक. पण ती दांडी काल तू भंगार म्हणून गवतात टाकलीस. तुझं लक्ष नसताना मी ती उचलून घरी आणली. सकाळपासून स्वयंपाकघरातल्या टेबलावर आहे, आणि मी चारदा तरी धरून पाहिली. माझ्याकडेच ठेवणार होते. या पत्रासोबत पाठवतेय. तुझी आहे ती.

तुझी कोणीच नसलेली,
ग्लेनिस