परियटच्या काठी मारलेली हाक

२२ नोव्हेंबर १९७१
सुट्टी मिळाली! दिवाळीनंतर पहिल्यांदाच येता रविवार बिनओव्हरटाइमचा. कारखान्याच्या क्लबातर्फे परियटच्या तलावावर तंबू — शनिवारी जायचं, रविवारी परत. ह्यांना तीनदा सांगितलं. तिसऱ्यांदा म्हणतात, "अच्छा, कधी?" भिंतीशी बोलावं, ती निदान मध्येच चहा मागत नाही.

२५ नोव्हेंबर
पुन्हा भांडण. स्वयंपाकघरातून विचारलं, उत्तर नाही. कारखान्यात बरं समजतं! शेडमध्ये मशिनींच्या धडधडाटात ओरडून उपयोग नाही, म्हणून सगळे हातांनी आणि ओठांवरूनच बोलतो. मी तपासणीच्या टेबलावरून नुसते ओठ हलवले की हे प्रेसवरून मान डोलावतात. घरी आले की बहिरे!
शेजारची शैलजा हसते — "पद्मजावैनी, तुमचं भांडण आमच्या घरी पुरं ऐकू येते." येऊ दे.

२७ नोव्हेंबर, परियट
केवढं हे पाणी! दुपारभर गोवऱ्यांवर गक्कड, म्हणजे कणकेचे जाड रोट, भाजले, भर्त्याची वांगी मीच निवडली — क्लबाच्या सेक्रेटरीने आणलेली निम्मी किडकी. पुरुष गळ घेऊन काठाला, पोरं नावेत. हे चक्क हसले आज.
आता तंबूत कंदिलापाशी लिहितेय. थंडी आहे, पण काय शांतता! आमच्या रांझीच्या वस्तीत असं कधी नसतं. झोप येत नाही तरी बरं वाटतंय.

२८ नोव्हेंबर, घरी
सकाळी शेजारच्या तंबूतल्या शैलजाचे डोळे सुजलेले — "रातभर कोल्हे ओरडून राहिले होते, वैनी!" मी तर उशिरापर्यंत जागी होते. कसले कोल्हे? तिला कशाचीही भीती वाटते.
पण आज खरी भीती पाहिली. हे गुडघाभर पाण्यात उभे, आमच्याकडे पाठ, गळ टाकून. चौकीदार हात हलवत धावत आला — "मगर है! पीछे हटो!" ह्यांच्या डावीकडे पाण्यावर काळं काहीतरी सरकत होतं. मी किंचाळले. काठावरची सगळी तोंडं वळली, ह्यांचं नाही. पुन्हा ओरडले, घसा फाटेपर्यंत. तरी नाही! शेवटी साडी खोचून पाण्यात शिरले आणि दंड धरून ओढलं.
"काहून ओढून राहिली? मासा लागला होता ना!"
मगर बुडी मारून गेली. बायकोकडे माणूस दुर्लक्ष करील, मगरीकडे कोण करतं?
तंबूत खोदून विचारलं. आधी चिडले, मग खाली बसले. "दोनेक वर्षं झाली. तुझ्या ओठांवरूनच समजते सारं. कोणाला सांगू नको — डॉक्टरनं कान तपासले तर प्रेसवरून काढतीन. अन् आता लढाई झाली, ब्लॅकआउट झाला, तर अंधारात तू बोललेलं मला काय समजन?"
फार रडू आलं. हात धरून, तोंड उजेडाकडे करून सांगितलं — "मी आहे ना. दोघांना मिळून माझे दोन कान पुरतील."

१ डिसेंबर
खिडक्यांना काळा कागद चिकटवला, तरी फटी आहेतच. सायरन झाला की लगेच दिवा घालवायचा, नाहीतर साऱ्या वस्तीला धोका — वॉर्डन बजावून गेला. हे काळजीत. म्हटलं, दिव्याचं काम माझं. तुम्ही निवांत जेवा.

४ डिसेंबर
लढाई सुरू झाली. काल रात्री जेवत होतो, समोरासमोर, ओठ दिसावेत म्हणून दिवा डोक्यावरच. पुढचं दार ठोकून ठोकून दमलेली शैलजा मागच्या दाराने आत आली. तिच्या ओठांवरून कळलं — "वैनी, दिवा! सायरन केव्हाचा वाजून राहिला!" मग तिने बटण दाबलं.
मला सायरन ऐकूच आला नव्हता.