अर्ध्या वाटेवरची खोपी

४ ऑक्टोबर
पोहोचलो एकदाचे! रॉस्कोनं आमचं चाकांवरचं घर पाइनच्या झाडांखाली असं अलगद लावलं, की कपातली कॉफी हलली नाही. माझ्या या नवऱ्याच्या फुप्फुसांनी मान टाकल्यापासून मी नुसती धावतेय. दवाखाना, औषधं, उशा, ऑक्सिजनची नळी. जीव अगदी मेटाकुटीला आला होता. आता हा हिवाळा समुद्राकाठी. किनाऱ्यावरच्या राष्ट्रीय उद्यानवाल्यांनी जागा फुकट दिली. बदल्यात मी बुडत्या जहाजांवरची माणसं वाचवणाऱ्यांचं जुनं बचावठाणं उघडायचं नि आलेल्यांना किनारा दाखवायचा. इथली रेंजर विल्मा टटल मोठी तोंडाळ बाई. माझे कोरे बूट बघून म्हणाली, "लग्नाला निघालीस का गं ओपल? आठवड्यात वाळू खाऊन टाकील ते."

संध्याकाळी रॉस्को दारात बसून येणाऱ्या-जाणाऱ्याला हाका मारत होता. या मनुष्याला माणूस दिसलं की दार उघडावंसं वाटतं.

८ ऑक्टोबर
काम अंगवळणी पडलं. ओहोटीला कालवफोडे पक्षी शिंपले टिपायला उतरतात, खडकावर सील ऐसपैस पसरतात. मग मी मंडळींना खोपीपर्यंत नेते नि गस्तीची गोष्ट सांगते. पूर्वी जहाजं फुटायची म्हणून आमच्या ठाण्याचा एक आणि पलीकडच्या ठाण्याचा एक, असे दोघे गस्तीवाले समोरासमोर चालत यायचे. अर्ध्या वाटेवर ही खोपी. तिथं पितळी बिल्ले बदलायचे, चालल्याचा पुरावा म्हणून. पुढच्या फेरीला ज्याचा त्याला परत. समोरचा आला नाही, किंवा बिल्ला मिळाला नाही, तर रिकाम्या हातानं परतायचं नाही. पुढं चालत राहायचं, थेट त्याच्या ठाण्यापर्यंत. ओहायोचे एक आजोबा म्हणाले, "म्हणजे हजेरीच की! आमच्या कारखान्यात हेच, फक्त समुद्र नव्हता."

विल्मानं ठाण्यातला एक खरा बिल्ला मला दाखवायला दिलाय. खिशात असला की मला उगाच तोरा चढतो.

१४ ऑक्टोबर
दुपारीच धुकं दाटलं. कुणी आलं नाही. मी मात्र गेले, सवयीनं.

खोपीत एक माणूस उभा होता. मेणकापडाचा डगला, मिशीतून पाणी ठिबकतंय. पलीकडच्या बाजूनं कुणी हौशी आलाय असं वाटून मी म्हटलं, बाबा रे, वेष झकास जमलाय! त्यानं नुसता तळवा पुढं केला. त्यात बिल्ला. मीही हसत माझा दिला, त्याचा घेतला. बोटं बर्फासारखी. पण चेहरा इतका दमलेला, की मला माझाच आरशातला आठवला. घरी येऊन कॉफी घे, म्हटलं. तो वळून गेला.

१५ ऑक्टोबर
विल्मा म्हणाली, पलीकडं कुणीच नसतं. ते ठाणं तिच्या आजीच्या काळीच लाटांनी गिळलं, माणसांसकट. कुणीतरी इतिहासवेडा असेल, म्हणाली. पण बिल्ला बघून तिचे डोळे चमकले. लगेच डब्यात घालून राजधानीच्या संग्रहालयाला धाडला. मी नको म्हणायला हवं होतं. तो परत द्यायचा असतो, हे मीच रोज लोकांना सांगते.

२० ऑक्टोबर
धुकं. तो होता. माझा बिल्ला तळव्यावर धरून उभा. मी सांगितलं, तुझा पाठवून दिलाय रे, मागवते. ऐकलं की नाही कोण जाणे. मी परतले तेव्हा मागून ओल्या वाळूत पावलं वाजत होती.

विल्मानं फोन केला. संग्रहालयवाले म्हणतात, नोंदणी होईपर्यंत हलवता येणार नाही, वसंतात बघू. ती वैतागून म्हणाली, "मढं बसवलंय मेल्यांनी तिथल्या खुर्चीत, हलायचं नाव नाही!"

२३ ऑक्टोबर
आज खोपीच्या बरंच अलीकडं होता. मी लग्नाची अंगठी काढून पुढं केली. बघितलीही नाही. माझ्या खांद्यावरून तळाकडं बघत होता, आमच्या घराच्या बाजूला.

फार थकवा आलाय. पाय शिशाचे झालेत.

२६ ऑक्टोबर
धुकं पडलं की तो अलीकडं सरकतो. आज वाळूच्या टेकडीवर होता. विल्मालाही दिसला. तिनं माझा दंड धरून मला मागं ओढलं. तिची चेष्टा ऐकायला मिळाली असती तर बरं वाटलं असतं.

रॉस्कोला म्हटलं, निघू या. तो म्हणाला, "अगं, इथं पहिल्यांदा छाती भरून श्वास येतोय. कुठं फरपटत नेतेस?" खरं तर नळीशिवाय त्याला न्हाणीघरही लांब पडतं.

२८ ऑक्टोबर
आता कळतंय. माझ्यावर त्याचा राग नाही. तो फक्त दमलाय, त्याला परत जायचंय. पण रिकाम्या हातानं तो जाणार नाही. आणि आमच्या घरात देण्यासारखं रॉस्कोवाचून दुसरं —

रॉस्कोला सगळं सांगितलं. हसला नाही. उद्या सकाळी निघायचं ठरलं.

२९ ऑक्टोबर
सकाळपासून धुकं. रस्ता दिसत नाही. विल्मा गाडी घेऊन येतेय. आम्ही सामान बांधून बसलोय. दाराला कडी घातलीय. ती येईपर्यंत लिहीत बसलेय.

पावलं थांबली. पायरीवर.

रॉस्को खिडकीतून बघतोय. म्हणतो, बिचारा नखशिखांत भिजलाय, ओपल, असं बाहेर कसं ठेवायचं माणसाला? उघडू नकोस म्हटलं मी. दोनदा म्हटलं. मला खुर्चीतून उठवत नाही, अंगात जीवच —

कडी काढली त्यानं.

नळी खुर्चीवर पडलीय. नळीशिवाय कसा — टेबलावर माझा बिल्ला ठेवलाय, ओला. रॉस्को बाहेर चाललाय. ताठ. धाप नाही लागत त्याला. त्याच्या बरोबरीनं तो दुसरा. मी हाक मारते, तो मागं बघत —

रॉस्को, थांब, मी बूट घालते, मी येते, मला टाकून कुठं चाल