तिसऱ्या हाकेला

६ जानेवारी २०२५, सोमवार

आले एकदाची सुरतेला! उधन्याला गाडीतून उतरले तर सुकलालकाका स्कूटर घेऊन हजर. गोडादऱ्यातलं घर येईपर्यंत त्यांनी दोंडाईच्यातल्या झाडून साऱ्या ओळखीच्यांची खबर माझ्याकडून काढून घेतली. गल्लीत अहिराणी, दुकानात गुजराती, रिक्षावाल्याशी हिंदी. माझी गुजराती अजून अडखळते, पण चालायला लागेल.

काकांच्या घरात खाली साड्यांवर भरतकाम करणारी दोन मशिनं, वर ते, उषामावशी आणि आता मी. मावशी माझ्या आईच्या माहेरच्या. मी कॉम्प्युटरवर नक्षी काढायची, ती खालच्या मशिनवर साडीत उतरणार. मावशींनी कळण्याची भाकरी आणि ठेचा वाढला आणि मी जेवेपर्यंत समोरून हलल्या नाहीत. आईला फोन करून सांगितलं, तुझी नूतन इथे उपाशी मरत नाही.

झोपायला कॉम्प्युटरचीच खोली दिली आहे. कॉम्प्युटर मात्र म्हातारा आहे. उद्या त्याची नाडी बघते.

७ जानेवारी

म्हाताऱ्याचं रडगाणं असं: बटण दाबलं की पंखा घरघरतो आणि बंद पडतो. दुसऱ्यांदा दाबलं की एक लांब शिट्टी वाजते, पडदा काळाच. तिसऱ्यांदा मात्र सुरू होतो आणि तारीख दाखवतो ९ ऑगस्ट २०१९. काका म्हणाले, त्याची ती खोडच आहे, तिसऱ्यांदा दाबायचं. नवा का नाही घेत, असं विचारलं तर उठून खाली मशिनकडे निघून गेले.

दोंडाईच्यात दुरुस्तीच्या दुकानात मी दोन वर्षं घासली आहेत. अशा खोडी मोडणं हाच माझा धंदा. झाकण काढलं तर तळाशी पांढऱ्या भुकटीचा बोटभर थर! खाली मशिनं चालतात, साडीची खळ असणार, असं धरून चालले. पेटी गच्चीवर नेऊन ब्लोअरने सगळं उडवलं. रॅम खोडरबराने घासून परत बसवली. बटण दाबलं, तर पहिल्याच फटक्यात सुरू.

मोठ्या ऐटीत मावशींना बोलावलं. त्यांनी वाकून आत पाहिलं. तळावरून हात फिरवला. मग जमिनीवर बसल्या आणि विचारलं, पीठ कुठे गेलं? मला प्रश्नच कळला नाही.

८ जानेवारी

काकांनी आज सांगितलं. सांगितलं नसतं तर बरं झालं असतं.

जयश्री त्यांची एकुलती लेक. याच खुर्चीत बसून नक्षी काढायची. त्या सकाळी तिच्या अंगात ताप होता आणि साड्या त्याच दिवशी पाठवायच्या होत्या. मावशींनी हाक मारली, उठली नाही. दुसऱ्या हाकेला नुसतं हूं केलं. तिसऱ्या हाकेला उठली, कॉम्प्युटर सुरू केला आणि तिथेच मान टाकली. चोवीस वर्षांची होती. मीही चोवीसचीच. तो दिवस ९ ऑगस्ट.

माणूस जिथे जातं तिथे दहा दिवस दिवा ठेवतात. दहाव्याला दिव्याशेजारी पीठ पसरून वर टोपली घालतात. सकाळी पिठात ज्याचं पाऊल उमटेल, त्याचा जन्म मिळाला असं समजायचं. आमच्याकडेही करतात. माझ्या वडिलांच्या वेळी चिमणीचं पाऊल आलं होतं आणि आई कितीतरी दिवस अंगणात तांदूळ टाकायची.

जयश्रीच्या वेळी पीठ कोरंच राहिलं. मावशी म्हणाल्या, ती अजून निघालीच नाही. उंदीर लागू नयेत म्हणून त्यांनी पीठ कॉम्प्युटरच्या पेटीत ठेवलं. पाच वर्षं रोज सकाळी चिमूटभर नवं टाकायचं आणि वाकून बघायचं. ते मी गच्चीवरून उडवून दिलं.

मावशींचे पाय धरले, खूप रडले. त्यांनी माझ्या डोक्यावरून हात फिरवला. "तुनं काही चुकनं नही माय. मनी पोर कोठे गयी व्हई, इतलंच माले समजाले जोयजे."

१० जानेवारी

कॉम्प्युटर आता एका दमात सुरू होतो. तारीख तेवढी तीच. नवी बॅटरी घातली, तारीख दोनदा हाताने बसवली. पुन्हा ९ ऑगस्ट.

मी कोंबड्याच्या आधी उठणारी. आज मावशींच्या तिसऱ्या हाकेला उठले. दुसरी ऐकू आली होती, डोळेही उघडले होते, पण अंग उचलेना. थंडी असेल.

१२ जानेवारी

वर आधी ९ ऑगस्ट लिहिलं होतं. खोडून पुन्हा लिहिलं.

पहिल्या हाकेला कानात घरघर होते आणि बंद पडते. दुसऱ्या हाकेला एक लांब शिट्टी. तिसरीला उठते. ताप मोजला, नाही. काल आईचा फोन आला तर आवाज कोणाचा हेच क्षणभर कळेना. भीती वाटते आहे.

मावशींनी कॉम्प्युटरमध्ये पीठ पुन्हा ठेवलेलं नाही. विचारलं तर म्हणाल्या, तिथे आता कोणी नाही.

१३ जानेवारी

उठून पाय खाली टाकला तो पिठात. अंथरुणालगत पसरलेलं. मावशी शेजारी बसून बघत होत्या, डोळ्यांतून पाणी आणि चेहरा हसरा. म्हणाल्या, माणसाचाच जन्म मिळाला.

मी म्हटलं, मावशी, पाऊल माझं आहे. मग नीट पाहिलं. अंगठ्याशेजारचं बोट अंगठ्याहून लांब. माझं तसं नाही. पाय धुऊन पुन्हा पाहिला — नाही.

काकांना दाखवलं. त्यांनी ते पाऊल ओळखलं. ओळखलं आणि पायानेच पीठ मोडलं. म्हणाले, उद्या सकाळच्या गाडीने तू घरी जा पोरी, मी बसवून देतो. बॅग भरून दाराशी ठेवली. आईला सांगितलं, संक्रांतीला येते, तिळगूळ ठेव.

९ ऑगस्ट

गच्च्यांवर पोरं पतंग उडवताहेत. ऑगस्टात पतंग —

दाराशी बॅग आहे. कोणाची ते —

पहिली हाक, घरघर. दुसरी हाक, शिट्टी. डोळे उघडे आहेत. हात तेवढा हलतो, वही उशाशी होती म्हणून —

खाली काका स्कूटर काढून हॉर्न वाजवताहेत. गाडी चुकेल. तोंडातून शब्द निघत नाही. 'तिसरी हाक मारा' असं लिहून वही मावशींकडे वळवली. त्यांनी वाचलं. माझे केस मागे सारले.

"तवय मी तिसरी हाक मारी आनि तू गयी. आते नही मारत. झोप माय."

मग त्यांनीच खिडकीतून काकांना सांगितलं, पोरीला ताप आहे, आज राहू दे. हॉर्न थांबला.

फोन वाजतो आहे. त्यांनी उचलला, म्हणाल्या झोपली आहे. फोन माझ्या कानाशी धरला. कोणी बाई आहे. नूतन, नूतन करते. रडते आहे बिचारी. कोण नूतन —

माझी आई तर इथे, उशाशी बसली आहे. त्या बाईला कोणीतरी सांगा, तिची ले