भूमिकाचं ग्राफिक कार्ड

भूमिका,

टेबलावर कॉम्प्युटर दिसला नाय म्हणून घाबरू नको. त्याचा डबा मी रिक्षात घालून रामवाडीच्या दुकानात नेलाय. घराची चावी ह्या चिठ्ठीबरोबरच शेजारच्या सगुणाकडे ठेवलीय.

घेताना दुकानदार म्हणाला होता, "पाइपलाइनच्या थ्रीडी ड्रॉइंगला वेगळं ग्राफिक कार्ड लागेल, रॅमही वाढवा." तू मान हलवलीस. मीच मध्ये पडलो, "घरी बसून रेघा तर मारायच्यात, साधा दे." सासऱ्यासमोर तू गप्प राहिलीस आणि मला वाटलं, तुला पटलं.

काल ते पाइपलाइनचं ड्रॉइंग पडद्यावर जरा फिरवलंस की कॉम्प्युटर अडकत होता, ते मी दारातून बघितलं. मग रोह्याच्या कंपनीचा फोन आला, काम दुसऱ्याला दिलं म्हणून.  तरी तू मला चहा आणून दिलास. 

जन्मभर मी गणपती घडवले. कुणी हलकी शाडू आणली तर दारातूनच परत पाठवायचो. तुझ्या कामाला मात्र हलकं चालेल, असं कसं वाटलं मला, कळत नाय.

गेलेलं काम काय परत येणार नाय. हरेश शिफ्टवरून आला की चूक त्याच्या बापाची होती, हे त्याला मीच सांगीन, तू मला सांभाळून घेऊ नको.

दुकानातून तुला फोन लावीन. कुठलं कार्ड, किती रॅम, ते सगळं तू दुकानदारालाच सांग. मी मध्ये बोलणार नाय.

बाबा