आपोआप उभी राहणारी दांडी

प्रिय शंकासुर,

हे नाव मीच तुला ठेवलं होतं, तेव्हा निदान त्यावरून तरी रागावू नकोस. सहा वर्षांत एक ओळ नाही आणि आज एकदम जाडजूड पाकीट, म्हणजे मॅडमचं काहीतरी अडलंय हे तू ओळखलं असशीलच. अडलंयच. तू लिफ्टच्या कंपनीत आहेस, लिफ्ट मजल्याच्या पातळीला नेमकी थांबवायचं काम करतोस, हे तुझ्या बॅचच्या त्या ‘रेडिओ’कडून कळलं. ऐकून बरं वाटलं आणि वाईटही वाटलं. मी या महिनाअखेरीला निवृत्त होतेय. निरोपसमारंभात माझी स्तुती कोणी कोणी करायची, याची यादी विभागप्रमुखांनी मलाच तपासायला दिलीय. या माणसापुढे डोकं आपटून घ्यावं की काय कळत नाही.

लॅब तशीच आहे. तुझ्या टेबलावर आता प्रिंटर ठेवलाय, तोही अडून बसतो. नवी मुलं हुशार आहेत, पण शंका काढत नाहीत. मी सांगेन ते उतरवून घेतात आणि माना डोलावतात. मला त्याचा इतका वैताग आला की परवा मुद्दाम फळ्यावर उणेच्या जागी अधिकचं चिन्ह काढलं. त्या चिन्हाने कुठलंही यंत्र सावरण्याऐवजी बेफाम सुटेल. सगळ्यांनी मुकाट्याने उतरवलं, एकाने तर त्याखाली रेघही मारली. तू असतास तर मला वाक्य पुरं करू दिलं नसतंस.

तीन महिन्यांपूर्वी दादाही निवृत्त झाले. आपल्या लॅबचे मेकॅनिक, सोल्डरिंग करताना तू बोटं भाजून घेतलीस की तुझ्यावर ओरडत ओरडत मलम लावायचे ते. ते गेले आणि दुसऱ्याच दिवसापासून आपली दांडी पडायला लागली. आपली कसली, माझीच. पाहुणे आले की मी मिरवायचे ती, रुळावरच्या गाडीवर उभी राहणारी. तळहातावर काठी तोलावी तशी गाडी पुढेमागे सरकत तिला तोलून धरते, आणि मोटर तापली, चाकं झिजली, तरी माझा कंट्रोलर आपली चूक आपणच ओळखून सुधारतो, या एका दाव्यावर माझी सगळी कारकीर्द, दोन पुरस्कार आणि ही खुर्ची उभी आहे. तीन आठवडे आम्ही वायरी बदलल्या, सेन्सर बदलले, मी मुलांवर खेकसले. शेवटी दादांना फोन केला. ते आले, अ‍ॅम्प्लिफायरचं झाकण काढलं, आतला एक बारीक स्क्रू पाव फेरा फिरवला, आणि दांडी उभी राहिली. म्हणाले, अहो मॅडम, हा रोज सकाळी बघून थोडा फिरवावाच लागतो, अगदी पहिल्यापासून. तुम्ही यायच्या आत झाडू मारून घ्यायचो ना, तसंच हेही उरकून टाकायचो. मला वाटलं तुम्हाला माहितीये.

तू हेच सांगत होतास. दुसऱ्या संस्थेच्या लॅबमध्ये तू माझाच कंट्रोलर लावलास आणि दांडी दर वेळी चार मिनिटांच्या आत कोसळली. त्यावर तू प्रबंधाला अकरा पानांचं परिशिष्ट जोडलंस: मॅडमच्या सिद्धतेतलं तिसरं गृहीतक प्रत्यक्षात टिकत नाही, आणि आपल्या लॅबमध्ये ते टिकत असेल तर बाहेरून कुणीतरी काहीतरी सांभाळतंय. मी म्हटलं, परिशिष्ट काढ, नाहीतर प्रबंध पुढे जाणार नाही. तू काढलं नाहीस. मग मी अहवालात लिहिलं की या विद्यार्थ्याला उपकरणं हाताळता येत नाहीत, आणि तुझा प्रबंध तिथेच थांबला. जे यंत्र परत आलेली माहिती ऐकत नाही ते भरकटतं, हे तीस वर्षं मी पहिल्या तासाला शिकवत आले. शिकवायला काय जातं रे.

गेल्या महिन्यात मी या कंट्रोलरवरचा माझा मूळ शोधनिबंध मागे घेण्याचं पत्र दिलं. आता संस्थेला स्वतःचं नाक वाचवायचंय. डीननी खुलासा तयार ठेवलाय: कर्मचाऱ्याने उपकरणात परस्पर फेरफार केले, संशोधक त्याबाबत अनभिज्ञ होत्या. म्हणजे सगळं खापर दादांच्या डोक्यावर, आणि मी बिचारी. येत्या सोमवारी चौकशी समितीपुढे मी त्यावर सही करायची. चूक कर्मचाऱ्याची ठरली की तुझ्याबद्दलचा माझा अहवाल प्रामाणिक ठरतो आणि तुझा प्रबंध पुन्हा उघडायचं कारणच उरत नाही, हेही डीननी मला हसत हसत समजावलं. मी मान डोलावली. माझ्या विद्यार्थ्यांना नावं ठेवायला मला तोंड नाही.

पण मी अनभिज्ञ नव्हते. तुझं परिशिष्ट वाचल्यावर एका रविवारी दुपारी, लॅब बंद असताना, मी एकटी गेले आणि दांडी चालू केली. सात वेळा पडली. सातही वेळा मी वहीत वेळ टिपली. सोमवारी दादा आल्यावर ती पुन्हा उभी राहिली, आणि का, हे मी कुणाला विचारलं नाही, कारण उत्तराची मला भीती वाटली. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणून गप्प बसले आणि चार दिवसांनी तुझ्याबद्दलच्या त्या अहवालावर सही केली. वहीचं ते पान, तारखेसकट, या पाकिटात आहे. सोमवारी हे सगळं मी स्वतःच सांगेन असं आज मला वाटतंय, पण तसं मला या सहा वर्षांत पुष्कळदा वाटलंय. म्हणून ते पान माझ्या कपाटात ठेवत नाही. तू ये, आणि मी तोंड उघडायच्या आत ते समितीपुढे ठेव.

तुझीच, अजून तसं म्हणू देत असलास तर,
मॅडम